आमच्या घरातली श्रीमती

माझ्या बायकोला तो मोठा पुरस्कार जाहीर झाला आणि पुढच्याच आठवड्यात ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी मंडळानं मला मारून टाकलं. तेही सोनेरी अक्षरांत छापून.

निमंत्रणपत्रिका सकाळी आली. वर गणपती, खाली मजकूर: आपल्या शहराच्या सुविख्यात शास्त्रज्ञ श्रीमती अमुक अमुक यांचा जाहीर सत्कार. मी मोठ्या ऐटीत आईला वाचून दाखवायला बसलो. आई मेथी निवडत होती. मी 'श्रीमती'पर्यंत आलो आणि तिचा हात थांबला.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचलं.

"ती श्रीमती, तर मग तू कोण आहेस? भूत?"

हा घोळ ग्वाल्हेरातच होऊ जाणे. हिंदीत श्रीमती म्हणजे लग्न झालेली बाई, नवरा धडधाकट असलेली. आमच्या जुन्या वळणाच्या मराठीत नवरा असलेली ती सौभाग्यवती, आणि श्रीमती म्हणजे जिचा नवरा गेला ती. महाराष्ट्रात आता एवढं कोणी बघत नाही म्हणे. पण आम्ही पिढ्यान्पिढ्या हिंदीच्या पोटात राहून मराठी सांभाळलेली माणसं. आमच्याकडे तोच शब्द शेजारच्या वाण्याच्या घरी सवाष्ण असतो आणि आमचा उंबरा ओलांडला की विधवा होतो.

मी पोट धरून हसलो. आई हसली नाही. एक तर पावसाळ्यात माझी बायपास झाली होती, छातीवरचा व्रण अजून लालच होता. आणि दुसरं म्हणजे तो शब्द तिचा होता. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. तेरावा झाल्यावर जो पहिला सरकारी कागद घरी आला त्यावर आईच्या नावामागं 'श्रीमती' लागलेलं होतं. मग ते रेशनकार्डावर आलं, माझ्या प्रगतिपुस्तकात पालकाच्या नावाला लागलं, विजेच्या बिलावर चढलं. आमच्या घरात श्रीमती एकच होती आणि ती दुसरी होऊ देणार नव्हती.

आता जिच्यावरून हे सगळं, तिच्याबद्दल सांगतो.

माझी बायको बिर्लानगरची. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम होते. गिरणी बंद पडली तरी ते लोक त्याच क्वार्टरमध्ये राहत होते, आणि त्या क्वार्टरच्या खिडकीत कुंभारीण माशी दरवर्षी मातीची गाडगी बांधायची. तुम्हीही पाहिली असेल. बारीक कंबर, तोंडात चिखलाची गोळी, दिवसभर ये-जा. सगळी पोरं काठीनं ती गाडगी पाडायची. हिनं विचारलं की पावसाची झड थेट आत येते तरी हा चिखल विरघळत का नाही? या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात तिची हयात गेली. माशीच्या लाळेत असं काय असतं जे चिमूटभर मातीला दगडासारखं धरून ठेवतं, ते तिनं शोधून काढलं. आज त्यावरून सिमेंटशिवाय भिंती लिंपायचा गिलावा तयार होतो आणि परदेशातले लोक आमच्या गल्लीत पत्ता विचारत येतात. माझ्यापुरतं सांगायचं तर मराठी फौजेबरोबर ग्वाल्हेरला आलेल्या आमच्या घराण्यानं तलवार केव्हाच खाली ठेवली होती. मी शाळेत पी.टी.चा मास्तर होतो.

तिला पाहायला गेलो तेव्हा आईनं विचारलं, "स्वैपाक येतो का?" ती म्हणाली, "नाही. पण शिकवलंत तर एक चूक दोनदा करणार नाही." घरी परत येताना टांग्यात आई म्हणाली, "हीच." मला कोणी विचारलंच नाही. नंतरही फारसं कोणी विचारलेलं नाही, पण ते असो.

लग्नानंतर आमच्या घरातल्या भिंतींवर माश्यांना मोकळं रान मिळालं. ट्यूबलाइटच्या पट्टीवर गाडगं, घड्याळामागं गाडगं, देव्हाऱ्यातल्या तसबिरीच्या पाठीवर दोन. झाडू लावायचा नाही, फडकं मारायचं नाही. आई कपाळावर हात मारून म्हणायची, "लोकांच्या सुना जाळीजळमटं काढतात, माझी बहू चिखल जपून राहिली आहे!" आणि दिवाळीत रंगारी आले की हीच आई स्टुलाशेजारी पहारा द्यायची आणि त्यांच्यावर ओरडायची, "उधर हाथ मत लगाना, मॅडम का काम है!"

खरं सांगू का, बायको शास्त्रज्ञ झाली ती आईच्या जिवावर. ही सकाळी विद्यापीठात गेली की दिवे लागल्यावर यायची. आमच्या मुलीला आईनं वाढवलं. मुलीची वेणी, डबा, गोवर, तापाच्या रात्री, सगळं आईनं. हिला एकदा बंगलोरहून मोठ्या जागेचं बोलावणं आलं तेव्हा आईनं स्वतःची ट्रंक आधी भरली. "मी पण चलते," म्हणाली, "नाही तर तू तिथं उपाशी मरशील." ही गेली नाही, तिला इथल्याच माश्या हव्या होत्या. ट्रंक पुन्हा रिकामी करताना आईचा चेहरा कसा फुलला होता, तो मी पाहिला आहे.

तर पत्रिका आली त्या दुपारी आईनं मंडळाला फोन करून झापलं आणि त्याच दिवशी संध्याकाळी मंडळाची चिटणीस घरी आली. तिशीतली मुलगी, बँकेत नोकरी, बोलते मराठीत आणि विचार करते हिंदीत. माफी म्हणून गजकाचा, आमच्याकडच्या तीळगुळाच्या वड्यांचा, डबा घेऊन आली होती.

"आजी, सॉरी हां. मी तर रिस्पेक्टमध्ये लिहिलं होतं. श्रीमती तो अच्छा वर्ड है ना?"

"अच्छा आहे ना. तुझ्या नावाला लावून बघ," आई म्हणाली.

मुलगी रडकुंडीला आली. मी मध्ये पडलो. "जाऊ दे ना आई. मी जिवंत आहे हे आपल्या सगळ्या लष्कर भागाला माहीत आहे. रोज सकाळी बाड्याच्या चौकात फिरायला जातो."

"तू चूप बैस."

मी चूप बसलो आणि गजक खाऊ लागलो. तेवढ्यात बायको आली. नखांत माती, चष्मा डोक्यावर. तिनं आधी माझ्या हातातली गजक काढून घेतली आणि मग काय झालं ते विचारलं. चिटणीस घाईघाईनं म्हणाली, "मॅडम, आम्ही नवीन कार्ड छापतो. श्रीमती हटवून सौ. लिहितो."

"सौ. पण नको. नुसतं नाव लिहा."

"नुसतं कसं?" आई म्हणाली. "नवरा आहे ना तुला?"

"आहे ना आई. हा काय समोर बसलाय, डॉक्टरांनी मना केलेलं खात. पण पुरस्कार त्याच्या तब्येतीला नाही मिळालेला."

आईला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. प्रकरण इथंच मिटलं असतं. पण चिटणीस उत्साहात पुढं बोलली. स्टेजवर आपल्या रीतीनं मॅडमची ओटी भरायची आहे, ती अध्यक्षांच्या मिसेस भरतील, त्या सवाष्ण आहेत, खण-नारळ सगळं मंडळाकडून.

बायको मोरीत हात धूत होती. तिथूनच म्हणाली, "माझी ओटी आई भरतील."

"कोणाची आई?" चिटणीस मुलीनं निरागसपणे विचारलं.

"या समोर बसल्यात त्या. माझी आई केव्हाच गेली. आता याच."

आई उठली आणि स्वैपाकघरात निघून गेली.

ओटी सवाष्णीनं भरायची असते. आमच्या लग्नात बायकोची ओटी माझ्या काकूनं भरली, तेव्हा आई मागच्या खोलीत लाडवांच्या परातींवर फडकी झाकत होती. दर चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू व्हायचं. आंब्याची डाळ तिच्या हातची, पन्हं तिच्या हातचं, सारं लष्कर बोटं चाटायचं. पण बायका दारात आल्या की ती आत. तिला असं कर म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. ते सांगावं लागत नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट.

चिटणीस गेल्यावर बायको स्वैपाकघरात गेली. मी दारात उभा राहिलो. आईनं तवा चढवला होता आणि पोळी लाटता लाटता तिचं लाटणं नेहमीपेक्षा जोरात आपटत होतं.

"आई, तुम्ही नाही का म्हणता?"

"तुला माहीत नाही?"

"माहीत आहे. तुमच्या तोंडून ऐकायचं आहे."

बायको कधी भांडत नाही. ती शांत होते आणि विचारते, आणि समोरच्याचे नाकी नऊ येतात. आईनं लाटणं ठेवलं. "त्याच्या छातीला चिरा पडून काही महिनेच झालेत. माझ्या हातानं तुझी ओटी भरू? अपशकुन माझा, आणि भोगायचं त्यानं? मी एकाला घालवून बसले आहे. दुसऱ्यावर नाही ही जोखीम घ्यायची मला."

एवढ्या वर्षांत तिनं हे पहिल्यांदा उच्चारलं. तिला वाटत होतं की बाबा तिच्यामुळं गेले. निदान तिच्यात कुठेतरी तसं बसलेलं होतं.

बायको म्हणाली, "याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी विमानात होते. सौभाग्यवती विमानात होती. दवाखान्याच्या बाकावर कोण बसलं होतं? शुद्धीवर आला तेव्हा याचा हात कोणाच्या हातात होता? तुमचा हात लागून हा वाचला आहे, आई. मी दुसरं काही मानत नाही."

मला वाटलं, जिंकली. पण आईही काही कच्ची नव्हती.

"तो आईचा हात," ती म्हणाली. "ओटीचा हात वेगळा."

पोळी तव्यावर करपली.

मग माझं डोकं फिरलं. पी.टी.चा मास्तर आहे मी, माझा आवाज मैदानाचा आहे. "अरे, मला कोणी विचारणार आहे का? ज्याच्या जिवाबद्दल तुम्ही दोघी बोलून राहिल्या आहात तो इथं उभा आहे!"

आई माझ्याकडे वळली. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बरं, तुला विचारते. तुला भीती नाही वाटत?"

"नाही," मी म्हणालो.

वाटत होती. ऑपरेशन झाल्यापासून मला जिना चढायची भीती वाटत होती, रात्री डाव्या कुशीवर वळायची वाटत होती. मी या गोष्टी मानत नाही, पण भीतीला ते कुठे कळतं? तरीही मी नाही म्हणालो आणि जन्मात इतक्या ठामपणे काही म्हणालो नसेन. आईनं करपलेली पोळी स्वतःच्या ताटात घेतली.

नवी पत्रिका आली. नुसतं नाव. बायकोनं मंडळाला निरोप पाठवला की ओटी माझ्या सासूबाई भरतील, नाही तर भरायची नाही. मी तिला म्हणालो, "चारचौघांत तिला कोंडीत पकडू नकोस. उठली नाही तर सगळं गाव बघेल."

"मी काही ओढून नेणार नाही त्यांना. पदर पसरून उभी राहीन. भरायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं."

"आणि नाही भरली तर?"

"तर रिकामा पदर घेऊन घरी येईन." मग तिचा आवाज बदलला. "जगानं मला दिलं ते खूप दिलं रे. पण ज्यांच्यामुळं मी उभी आहे त्यांनी माझ्या लग्नाच्या दिवशी मागच्या खोलीत बसायचं आणि आता सत्काराच्या दिवशी पण मागंच बसायचं? मला नाही सहन होणार."

सत्कार संक्रांतीनंतर, फूलबागेजवळच्या हॉलमध्ये होता. आई येणार की नाही हे निघेपर्यंत आम्हाला माहीत नव्हतं. रिक्षा दारात आली तेव्हा ती जांभळी रेशमी नेसून पायरीवर उभी होती. हॉलमध्ये शिरल्याबरोबर मात्र ती सरळ मागच्या रांगेत तिच्या भजनातल्या मैत्रिणीजवळ जाऊन बसली. ती मैत्रीणही तिच्यासारखीच, तरुणपणी नवरा गेलेली. दोघी अशा ठिकाणी कायम मागं, दाराजवळ, जोडीनं. मी पुढं पहिल्या रांगेत, गळ्यात हार.

हॉल गच्च भरला होता. बायकोचे जुने विद्यार्थी भिंतींना टेकून उभे होते, बिर्लानगरहून गिरणीतली म्हातारी माणसं इस्त्रीचे शर्ट घालून आली होती. तिचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या थांबेचनात. एका पाहुण्यांनी आवेशात सांगितलं की मॅडमनी आयुष्यभर खूप चेष्टा केली, तेव्हा कुठे हे यश मिळालं. हिंदीतली चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे आम्हाला कळलं, पण अर्धा हॉल हसत सुटला. बायको स्वतः सगळ्यांत जोरात हसली. माझी छाती अभिमानानं इतकी भरून आली की टाके आठवले.

मग चिटणीस माइकवर आली. "आता मॅडमची ओटी भरण्यासाठी मी त्यांच्या सासूबाईंना स्टेजवर यायची विनंती करते."

हॉलमध्ये कुजबुज झाली. सगळ्यांना आई माहीत होती. बायको मधोमध उभी राहिली आणि तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला.

मी मागं वळून पाहिलं. आई बसलेलीच होती. मांडीवर हात, नजर जमिनीवर. शेजारची मैत्रीण तिच्या कानात काहीतरी सांगत होती आणि आई मान हलवत होती. पुढच्या रांगेतून अध्यक्षांच्या पत्नी मदतीला म्हणून अर्ध्या उठल्या. बायकोनं त्यांना डोळ्यांनीच नको म्हटलं. पदर खाली आला नाही. मला कोणीतरी ते दृश्य थांबवावं असं वाटलं, आणि कोणी थांबवू नये असंही वाटलं.

आई उठली.

मधल्या वाटेनं ती हळूहळू आली, कोणाचाही हात न धरता. स्टेजवर ताट होतं. कुंकवाच्या कोयरीत बोट घालायच्या आधी ती थबकली. तिचं बोट त्या लाल रंगावर नुसतं धरलेलं राहिलं. मग तिनं ते बुडवलं आणि सुनेच्या कपाळावर टेकवलं. मोठं, ठसठशीत, थोडं वाकडं. सवय कुठे होती?

खण ठेवला, नारळ ठेवला, आणि तांदळाची पहिली ओंजळ भरली. तेव्हा मला दिसलं की ती सुनेकडे बघतच नाहीये. ती माझ्याकडे बघते आहे. डोळे ताणून, पापणी न लववता, जणू माझ्यात काही बिघडलं तर ती तिथल्या तिथं हात मागं घेणार होती. दुसरी ओंजळ. मला खोकला आला. मी तो दाबून धरला. तिसरी. मी ताठ बसलो, हसतमुख, गाल दुखेपर्यंत. चौथी. उभ्या आयुष्यात जिवंत दिसण्यासाठी मी एवढे कष्ट घेतले नव्हते. पाचवी ओंजळ पदरात पडली आणि तांदळाचा सरसर आवाज माइकमधून सगळ्या हॉलला ऐकू गेला.

मी बसलेलो होतो. मला काही झालं नव्हतं.

आईनं मोठा श्वास सोडला. इतक्या वर्षांचं काहीतरी त्या श्वासाबरोबर तिच्यातून निघून गेलं, हे मी शपथेवर सांगेन. सून पाया पडायला वाकली, पण पदर तांदळानं भरलेला, तिला वाकता येईना. आईनं तिला तसंच धरून छातीशी घेतलं आणि दोघी रडल्या. हॉल उभा राहिला. टाळ्या वाजवताना मला समोरचं काही दिसत नव्हतं.

मग आईनं डोळे पुसले, ताटात वाकून पाहिलं आणि माइक समोर आहे हे विसरून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तांदूळ तर पुष्कळ उरून राहिला आहे. आता कोणाची भरायची आहे?"

मग चिटणीस मुलगी आपली ओढणी पसरून तिच्यासमोर उभी राहिली. तिच्यामागं अध्यक्षांच्या पत्नी. मग बायकोच्या विद्यार्थिनी, मग बिर्लानगरच्या बायका. स्टेजच्या पायऱ्यांवर रांग लागली. नारळ संपले, खण संपले, कोणीतरी धावत जाऊन दुकानातून तांदूळ आणला. प्रमुख पाहुणे मानपत्र हातात घेऊन बाजूला उभे होते आणि जिचा सत्कार होता ती शास्त्रज्ञ एका हातानं आपला पदर सांभाळत दुसऱ्या हातानं सासूला ताट धरून देत होती.

रांग संपत आली तेव्हा मागच्या दाराजवळची मैत्रीण एकटीच उरली होती. ती खुर्चीला धरून उभी होती आणि कौतुकानं बघत होती, लांबून. विधवेची ओटी कोणी भरत नाही. ती रांगेत आलीच नव्हती.

आईनं ओंजळीत तांदूळ घेतला, मान वर केली आणि सगळ्या हॉलवरून तिला हाक मारली.

"तू तिथं काय उभी आहेस गं? इकडं ये. पदर पसर."